रविवारपुरती दारं

मिस्त्रींनी केलेल्या कपाटात फट शोधून दाखवणाऱ्याला ते आपला रंधा बक्षीस देणार होते. पंचेचाळीस वर्षं झाली, रंधा अजून त्यांच्याकडेच होता. दार लावलं की पातळ कागदही आत सरकता कामा नये, हा त्यांचा नेम. गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो मिस्त्री, एवढं घट्ट कशाला? आत कपडेच ठेवायचेत, चोर नाही." मिस्त्री उत्तर देत नसत. उत्तर द्यायचं काम दाराचं, असं त्यांना वाटे, आणि दारही असं मऊ फुस्स करून मिटायचं की गिऱ्हाईक गप्प व्हायचं.

लेकीच्या नव्या घरातलं कपाट तर त्यांनी तीन महिने राबून, जीव ओतून केलं होतं. बैठकीच्या खोलीची अख्खी एक भिंत. मध्ये टीव्ही, दोन्ही बाजूंना पुस्तकं, आणि टीव्हीच्या खाली दोन दारांचा एक कप्पा. जावयाला सिनेमाचं वेड. सिनेमे लावायला म्हणून त्याने स्वतः सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जुळवला होता आणि त्याचा डबा त्या कप्प्यात बसायचा होता. मिस्त्रींनी डब्याची मापं घेतली, चारही बाजूंनी एकेक बोट जागा सोडली, मागे वायरींच्याच जाडीचं भोक पाडलं आणि दारं बसवली. डबा आत गेला आणि दिसेनासा झाला. "आता कसं!" मिस्त्री म्हणाले. लेक आणि जावई एका सुरात म्हणाली, "छानच!"

त्याला आता वर्ष झालं होतं.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. "हे बरं दिसतं की ते?" असं दिवसभर विचारायचं आणि समोरचा म्हणेल ते बरं म्हणायचं, यात त्याची पंधरा वर्षं गेली होती. कुणाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभत नाही, हे त्याने आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नव्हतं. लेक पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकून तिला तक्रारीचा इतका वीट आला होता की घरी ती स्वतः एकही करत नसे. असं हे गोड जोडपं. त्या घरात मोठ्याने बोलायचं काम एकटा टीव्ही करायचा, आणि रविवारी तोही अर्धवटच.

रविवारी दुपारी मिस्त्री जेवायला यायचे आणि जेवणं आटोपली की तिघं सिनेमा बघायची. वीस-पंचवीस मिनिटं बरी जायची. मग त्या दोन दारांआडून घरघर सुरू व्हायची. आधी बारीक, मग पिठाच्या गिरणीसारखी. पडद्यावरची बाई काय बोलतेय ते तिच्या ओठांवरून ओळखायचं. तासाभराने चित्र अडखळायला लागायचं आणि जावई उठून म्हणायचा, "बाकीचा पुढच्या रविवारी बघू, बाबा." पुढच्या रविवारी दुसराच सिनेमा निघायचा. वर्षभरात मिस्त्रींनी चाळीसेक सिनेमांचे पूर्वार्ध पाहिले होते आणि एकही खुनी पकडला गेलेला पाहिला नव्हता.

"त्याला झालंय तरी काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"कार्ड, बाबा. ग्राफिक्स कार्ड," जावई म्हणाला. "चित्र तयार करून टीव्हीला पाठवणारा भाग असतो तो. त्याच्यावर छोटा पंखा असतो, तो आवाज करतो. नवं शोधतोय मी. शांत हवं आणि परवडायलाही हवं."

"मिळत नाही?"

"शांत असतं ते परवडत नाही आणि परवडतं ते ओरडतं."

लेक ताटातलं मीठ बोटाने इकडून तिकडे करत होती. मिस्त्रींनी ते पाहिलं, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही.

गेल्या महिन्यात लेकीने विषय काढला. "बाबा, आता ती खोली सोडा. आमची मागची खोली रिकामीच आहे. इथे या, कायमचे." मिस्त्रींच्या खोलीचा आणि तिच्याखालच्या कारखान्याचा करार महिनाअखेरीस संपत होता. पुढे चालू ठेवायचा की खोली सोडायची, ते मालकाला त्याआधी सांगायला हवं होतं. बायको जाऊन दोन वर्षं होत आली होती. एकट्यासाठी स्वयंपाक करायचा, एकट्याने जेवायचं, एकट्याने भांडी घासायची, याचा त्यांना मनस्वी कंटाळा आला होता. मन केव्हाच हो म्हणून बसलं होतं. तोंडाने मात्र ते "बघू" म्हणाले. लेक मनापासून बोलावतेय की कर्तव्य म्हणून, हे त्यांना उमजत नव्हतं. लहानपणापासून ती अशीच. गुडघा फुटून रक्त वाहत असलं तरी "काही नाही, बाबा" म्हणणारी. लाकूड भरीव आहे की आतून पोकळ, ते वाजवून बघता येतं. माणसाला कुठे वाजवणार?

तरीही एका बुधवारी दुपारी ते मागच्या खोलीत आपला पलंग बसतो का, तेवढं बघायला गेले. घरी कुणी नव्हतं, पण किल्ली त्यांच्याकडे होती. पलंग बसला की संध्याकाळी लेकीला फोन करून "येतो" म्हणून टाकायचं, इथपर्यंत त्यांची गाडी आली होती.

पलंग व्यवस्थित बसत होता. खुशीत ते बाहेरच्या खोलीत आले आणि जागच्या जागी थांबले. कप्प्याला दारं नव्हती. कॉम्प्युटरचा डबा उघड्यावर बसला होता.

आधी त्यांना चोरीच वाटली. पण टीव्ही सोडून दारं नेणारा चोर कुठला? त्यांनी शोधाशोध केली. दारं मागच्या खोलीतच सापडली, भिंतीला उभ्या केलेल्या गादीमागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली. कोपऱ्यांना इजा होऊ नये म्हणून पुठ्ठे लावलेले. चादरीच्या गाठीला एक छोटी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात आठ स्क्रू, आणि पिशवीवर लेकीच्या अक्षरात चिठ्ठी: रविवारी लावणे.

मिस्त्री खाली बसले. स्क्रू तळहातावर ओतून घेतले. सगळ्यांची डोकी झिजलेली. खूप वेळा लावल्या-काढल्याशिवाय स्क्रूची अशी दशा होत नाही. उठून त्यांनी कप्प्यावरची भोकं तपासली. ती सैल पडली होती आणि त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकून भरल्या होत्या. हे सुतारकाम जावयाचं, यात शंका नव्हती. म्हणजे रविवारी सकाळी दारं चढवायची, सासरे घरी गेले की उतरवायची. वर्षभर हाच उद्योग. त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. तो झाला नाही.

दारांचं दुःख त्यांनी गिळलं असतं. पण जी माणसं माझ्या कपाटाबद्दल माझ्या तोंडावर खरं बोलत नाहीत, ती माझ्याबद्दल काय बोलत असतील? मी राहायला आलो तर यांना रोजचाच रविवार. मग रोज काय काय चादरीत गुंडाळून ठेवतील ही दोघं? माझा खोकला आवडला नाही, माझं बोलणं आवडलं नाही, मी आवडलो नाही, तरी म्हणतील छानच. आणि मला कळणारही नाही. अशा घरात पाहुणा म्हणून चार दिवस काढता येतात, जन्म नाही. त्यांनी चादरीला होती तशी गाठ मारली, पिशवी होती तशी अडकवली आणि मनाशी ठरवलं की यायचं नाही.

पण एक गोष्ट छळत राहिली. दोष कपाटाचा की कार्डाचा? नाचता येईना अंगण वाकडं म्हणणाऱ्यांतले मिस्त्री नव्हते, आणि आपलं अंगण खरंच वाकडं असेल तर ते त्यांना समजायला हवं होतं. जावयाच्या टेबलावर कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या एका दुकानाचा पत्ता पडलेला असायचा. दोन चौक पलीकडे. ते थेट तिथे गेले.

दुकान म्हणजे वायरींचं रान. गल्ल्यावर चाळिशीची एक बाई बसली होती आणि तिने अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचला होता. कानामागे पेन्सिल ठेवणाऱ्या मिस्त्रींना ती लगेच आपल्यातली वाटली.

"एक ग्राफिक्स कार्ड द्या," ते म्हणाले. "आवाज न करणारं. आणि परवडणारं."

"गेम खेळायला?"

"माझ्याकडे बघून तसं वाटतं?"

"हल्ली काही सांगता येत नाही, काका. परवा एक आजीबाई येऊन गेल्या."

"सिनेमे बघायला. घरच्या टीव्हीवर."

"मग मोठ्या कार्डाच्या वाटेला जाऊच नका. मोठं कार्ड म्हणजे मोठी भूक. खाल्लेली वीज सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, ती घालवायला पंखे, आणि पंखे आले की आवाज आला. लोक नुसते सिनेमे बघायला तीन पंख्यांचं धूड घेऊन जातात आणि मग मला म्हणतात, झोप लागत नाही." तिने खालच्या खणातून एक लहानशी पेटी काढली. "हे बघा. याला पंखाच नाही, तर आवाज कुठून येणार? सिनेमा कितीही स्वच्छ चित्राचा असो, आरामात दाखवेल. लहान डब्यातही मावतं. आणि मोठ्याच्या चौथाईत येतं."

मिस्त्रींनी कार्ड हातात घेतलं. एका अंगाला ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या उभ्या केलेल्या, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये फट. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली. पहिली फट दोन मिलिमीटर. दुसरी दोन. शेवटचीही दोनच. त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"या फटी मुद्दाम ठेवल्यात?"

"फटींसाठीच तर सगळा खटाटोप आहे, काका. पट्ट्या तापतात, फटींतून हवा जाते आणि उष्णता घेऊन जाते. पंखा नाही म्हणजे हवा नको असं नाही हं. उलट याला मोकळी हवा जास्तच लागते. कुठे ठेवणार डबा?"

"कपाटात," मिस्त्री म्हणाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आवाज जरा खालीच गेला. "लाकडी आहे. दारं आहेत."

"मागून उघडं असेल."

"मागूनही बंद. मुंगी शिरणार नाही."

बाईने कार्ड त्यांच्या हातातून काढून घेतलं. "मग हे मी देत नाही. महिन्याभरात भाजून निघेल आणि तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडाल. तुमच्यासारखेच एक गिऱ्हाईक आहे माझं, चष्मेवाले. फार सज्जन माणूस. चार महिने झाले, बंद पेटीत चालेल इतकं थंड कार्ड मागतायत. मी म्हटलं, असलं कार्ड अजून जन्माला यायचंय, तुम्ही सरळ कपाटाला भोकं पाडा. तर म्हणे, शक्य नाही. का, लोखंडी आहे का? तर म्हणे, नाही, सासऱ्यांनी केलंय."

ती खदखदून हसली. मिस्त्रींनीही हसायचा प्रयत्न केला, पण तो साधला नाही.

"त्यांचं आत्ताचं कार्ड बिघडलंय का?"

"छे हो. चांगलं आहे. पंखा ओरडतो कारण आपणच सोडलेली गरम हवा तो पुन्हा पुन्हा ओढतोय. गुदमरतोय बिचारा. खालून थंड हवा आत यावी, वरून गरम बाहेर जावी, एवढी साधी गोष्ट. कोणत्या शहाण्याने केलंय ते कपाट, देव जाणे."

"आहे एक," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी कानामागची पेन्सिल तिच्या हातात दिली आणि भोकं किती, केवढी, कुठे, ते कागदावर काढून घेतलं. भोकं पाडण्याचा शब्द दिल्यावरच तिने कार्ड विकलं. घरी जाताना ते स्वतःलाच बोल लावत होते. डब्याची मापं त्यांनी बाहेरून घेतली होती, आत काय चालतं ते विचारलंच नव्हतं. कपडे किती, पुस्तकं किती, हे विचारल्याशिवाय कुणाच्या फळीला हात न लावणारा माणूस, आणि लेकीच्या घरी नेमका तेवढं विसरला. आपलेच दात, आपलेच ओठ. पण त्याहून हे जास्त लागलं की एका परक्या बाईने दहा मिनिटांत तोंडावर सांगितलं, ते पोटच्या पोरीला वर्षभर सांगता आलं नाही. कपाट दुरुस्त करून द्यायचं, कारण आपल्या नावावर वाईट काम राहता कामा नये. मात्र राहायला जायचं नाही, यात बदल नव्हता.

रविवारी हत्यारांची पिशवी घेऊन ते लेकीकडे पोचले, तेव्हा जावई कपाटाला पाठ लावून उभा होता. दोन्ही हात मागे. चेहऱ्यावर फोटो काढून घेणाऱ्या माणसाचं हसू.

"बसा की, जावईबापू."

"नको बाबा, पाठ आखडलीय," जावई म्हणाला.

"डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय," लेक त्याच वेळी म्हणाली.

मिस्त्रींच्या अंगात बुधवारचाच शर्ट होता. कागद काढण्यासाठी त्यांनी त्याच्या खिशात हात घातला. बोटांना काहीतरी टोचलं. मोजून आठ. बुधवारी स्क्रू हातात घेतले ते परत पिशवीत गेलेच नव्हते. हातात आलेला स्क्रू शर्टाच्या खिशात टाकायचा, ही पंचेचाळीस वर्षांची सवय, हाताला विचारावं लागत नाही. चादरीच्या गाठीला त्यांनी रिकामी पिशवी बांधली होती. म्हणजे आज सकाळी या दोघांनी पिशवी उघडली असणार आणि रविवार असल्यामुळे दुकानंही बंद. मग दारं उभी कशी? त्यांनी निरखून पाहिलं. दाराच्या कडेला चिकटपट्टी चमकत होती. बाकीचा भार जावयाच्या मागे नेलेल्या हातांवर होता.

त्यांनी हात खिशातच ठेवला. बघू या, कुठवर जातात.

"जेवायला बसू या?"

"तुम्ही बसा, बाबा. मला भूक नाही," जावई म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याच्या पोटाने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं खरं काय ते सांगितलं.

"कपाट कसं चाललंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"छानच!" दोघंही म्हणाली.

"काही अडचण?"

"कपाटाची? छे!" लेक म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"दारं नीट लागतात ना? सैल नाही झाली?"

"एकदम घट्ट, बाबा," जावई म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

तीनदा विचारून झालं. मिस्त्रींना गंमत वाटत होती तोवर वाटली, मग एकदम सगळं नकोसं झालं. "मग माझंही ऐका," ते म्हणाले. "मी राहायला येत नाही. उद्या मालकाला सांगतो, करार पुढे चालू ठेव म्हणून."

"बाबा!" लेक म्हणाली. जावई दचकून एक पाऊल पुढे आला. एकच पाऊल. डावं दार धाडकन जमिनीवर आलं. उजवं चिकटपट्टीला लोंबकळलं, चरचरलं आणि तेही आलं.

मिस्त्रींनी खिशातून एकेक करून आठ स्क्रू काढले आणि टेबलावर ठेवले. "बुधवारी आलो होतो, मागच्या खोलीचं माप घ्यायला," ते म्हणाले. "हे चुकून माझ्या खिशातून गेले."

लेकीने तोंडावर हात ठेवला. आता जावई माफी मागणार, असं मिस्त्रींना वाटलं. माफी मागण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण जावयाचा चेहरा लालबुंद झाला होता.

"तुमचं कपाट चुकलंय, बाबा!" तो ओरडला. "चुकलंय ते कपाट! बंद पेटी आहे नुसती! दर रविवारी सकाळी सहाला उठून दारं लावतोय मी. बोटांना घट्टे पडले. एवढा जपून जुळवलेला कॉम्प्युटर, त्याला आठवड्यातून एकदा मीच उकडून काढतो आणि वर कार्डाला नावं ठेवतो. कार्डाचा काय दोष? तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय वर्षभर!" मग आपल्याच आवाजाने तो घाबरला. "म्हणजे... लाकूड छान आहे," तो हळूच म्हणाला.

मिस्त्रींना मनापासून बरं वाटलं. हा माणूस आज त्यांना पहिल्यांदा भेटला होता.

"त्यांना मीच सांगू दिलं नाही," लेक म्हणाली. "मला बोला काय बोलायचं ते."

"का नाही सांगू दिलंस?"

"आई गेल्यावर सात महिने तुम्ही रंधा हातात धरला नव्हता, बाबा. कारखान्याला कुलूप होतं. मी डबा घेऊन यायचे आणि होता तसा भरलेला परत न्यायचे. जिन्यात बसून रडायचे, मग घरी जायचे. मग या कपाटाचं निघालं आणि तुम्ही मोजपट्टी कुठेय म्हणून विचारलंत. त्या रात्री तुम्ही पोटभर जेवलात. पुन्हा वाढून घेतलंत." तिने जमिनीवरच्या दाराकडे बोट केलं. "त्या कपाटाला मी कुठल्या तोंडाने चुकलं म्हणू?"

सात महिने. मिस्त्रींनी ते स्वतः कधी मोजले नव्हते. ती जिन्यात बसत होती आणि ते वर भिंतीकडे तोंड करून पडलेले असत. त्या दिवसांतली त्यांना फक्त भिंत आठवत होती, लेक आठवत नव्हती. त्याची त्यांना लाज वाटली.

"तेव्हाचं समजलो," ते म्हणाले. "पण त्यालाही वर्ष झालं, पोरी. आता जेवतोय मी. कपाट गेलं खड्ड्यात. मी इथे आलो आणि उद्या मीच नकोसा झालो, तर ते मला सांगणार, की चादरीत गुंडाळून ठेवणार?"

लेकीने खाली पडलेलं एक दार उचलून भिंतीला टेकवलं.

"आधी यांना जेवायला वाढ," मिस्त्री म्हणाले. "मग मला वीज कुठून घ्यायची ते दाखव."

जेवणं झाल्यावर त्यांनी दुकानातल्या बाईचा कागद कपाटावर चिकटवला. खाली भोकांची एक रांग, दारांच्या वरच्या कडेला दुसरी. आपल्या हातच्या कामाला आपणच भोक पाडायचं म्हणताना त्यांचा हात क्षणभर अडला. मग त्यांनी ड्रिल टेकवलं. लाकडाचा भुसा गालिच्यावर पडला. तीन भोकं झाल्यावर त्यांनी मागे न बघता विचारलं, "सरळ आहेत ना?"

"हो, बा..." जावई म्हणाला आणि थांबला. गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटला. दिवसभर बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस तो. "तिसरं किंचित रांगेबाहेर गेलंय."

मिस्त्रींनी काटकोन बघायचा गुण्या लावून पाहिला. गेलं होतं. केसभर, पण गेलं होतं. ते स्वतःशीच हसले. "पुढची सगळी तुम्ही बघा, जावईबापू. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही आता."

"तपासायला या एकदा," जावई म्हणाला. "दोन वर्षं सांगीन म्हणतोय."

नवं कार्ड बसवायला जावयाला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याने ते उजेडात धरून दोनदा फिरवून पाहिलं, लहान मुलाच्या कौतुकाने. मिस्त्रींनी दारं नव्या जागी, नव्या भोकांत बसवली. ती मिटली, फुस्स झालं नाही, आणि मिस्त्रींनी ते मनाला लावून घेतलं नाही. सिनेमा सुरू झाला. अर्धा तास गेला, तास गेला. सिनेमातली माणसं बोलत होती, त्यांच्यामागे लांबवर कुठेतरी पावलं वाजत होती, आणि तीसुद्धा ऐकू येत होती. जावई मध्येच उठून वरच्या भोकांपाशी हात धरून आला. "कोमट हवा येतेय बाहेर," त्याने सांगितलं. त्याला फार आनंद झाला होता.

लेक मात्र कधीच उठून स्वयंपाकघरात गेली होती. मिस्त्री तिच्यामागे गेले. ती बशा पुसत होती. ते दारात उभे राहिले.

"खरं सांग," ते म्हणाले. "मी इथे यायला हवा आहे तुला?"

तिने तोंड उघडलं. पटकन जे यायला निघालं होतं ते तिने मागे घेतलं. एक बशी पुसली, मग दुसरी.

"रोज नाही," ती म्हणाली. "तुम्ही पहाटे उठून खोकता. माणूस आत असताना दिवे घालवता. मी काही करायला घेतलं की मागे येऊन उभे राहता, आत्ता राहिलात तसे. अधूनमधून तुम्ही मला अगदी नकोसे व्हाल, बाबा. मी ते बोलेन आणि तुम्हाला लागेल." तिने फडकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "पण तुम्ही तिथे एकटे असता, ते मला रोज नकोसं होतं."

मिस्त्री पुढे झाले आणि लहानपणी ठेवायचे तसा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या सकाळीच मालकाला फोन करतो," ते म्हणाले. "खोली सोडतोय म्हणून सांगतो."